सीमाभागातल्या नव्या ग्रंथपालासाठी: मोबाइल ॲप आणि ऑनलाइन साधनं पारखायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या एखाद्या मराठी वाचनालयात तुम्ही नुकतेच कामाला लागला असाल, तर एक गोष्ट लवकरच लक्षात येईल. कादंबरी बदलायला येणारा सभासद जाता जाता मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "एवढं जरा बघून सांगा की." कुणाला शेताची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, काढायची असते. कुणाच्या मुलीला पाचवीचं गणिताचं पुस्तक हवं असतं. कुणी गावच्या देवळावर लेख लिहीत असतं, तर कुणी एम.ए.च्या प्रबंधासाठी संदर्भ शोधत असतं. ही सगळी ग्रंथपालाचीच कामं आहेत, आणि ती जमली तर वाचनालयात माणसं टिकतात, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पुण्या-मुंबईत तयार झालेली साधनं वाचक महाराष्ट्रातला आहे असं धरून चालतात. बेंगळूरमध्ये तयार झालेली साधनं वाचकाला कन्नड येतं असं धरून चालतात. आपला वाचक या दोन्हींच्या मध्ये उभा असतो. म्हणून कुणी दिलेली 'उत्तम ॲपची यादी' जशीच्या तशी वापरू नका. प्रत्येक साधन आपल्या माणसांच्या प्रश्नांवर स्वतः पारखून घ्या. त्यासाठी काय करायचं, ते पुढे सांगतो.

आधी वही, मग ॲप

काहीही डाउनलोड करण्याआधी टेबलावर एक साधी वही ठेवा. महिनाभर वाचक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "हलशीच्या देवळाबद्दल काय मिळंल का?", "आज्जाच्या खरेदीखतात काय लिवलंय?", असं. 'स्थानिक इतिहास' किंवा 'दस्तऐवज' अशी नीटनेटकी वर्गवारी करत बसू नका. पुढे शोधपेटीत काय टाइप करायचं, ते वाचकाच्या मूळ शब्दांतूनच सुचतं. नाव लिहू नका, फक्त प्रश्न लिहा.

महिन्याअखेर वही चाळा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढ्यांसाठीच साधनं शोधायची. वाचनालयाच्या फोनवर सहा-सात ॲप पुरतात. बाकीचं ब्राउझरमध्ये खूण करून ठेवलं की झालं.

उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा

नवं साधन हातात आलं की त्याला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्या कपाटातल्या पुस्तकात आहे. मी तीन प्रश्न सुचवतो. १९४६ साली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? उत्तर: ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी कुठे दिली? आपल्याच खानापूर तालुक्यात, नंदगडला, १८३१ साली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, कोणत्या राजवटीतली? रट्टांच्या.

तिन्ही प्रश्न मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टाका. पहिल्याचं उत्तर पटकन आलं आणि दुसऱ्याला साधन अडखळलं, तर त्याचा साठा महाराष्ट्राकडून आलेला आहे. उलट झालं तर तो कर्नाटकाकडून आलेला आहे. वहीत साधनाच्या नावापुढे तशी खूण करा. कुठल्या प्रश्नासाठी कुठे जायचं हे एकदा कळलं की वाचकाला ताटकळत बसावं लागत नाही.

प्रश्न विचारताच सफाईदार मराठीत उत्तर देणारी एआय साधनंही याच तीन प्रश्नांवर तपासा. त्यांचा उपयोग आहे. अवघड इंग्रजी परिच्छेद सोपा करून घ्यायला, शोधासाठी पर्यायी शब्द सुचवून घ्यायला ती चांगली आहेत. पण ती अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं लेखक आणि प्रकाशकासकट देऊ शकतात. त्यांनी सांगितलेलं कुठलंही पुस्तक एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत दिसल्याशिवाय वाचकाच्या हातात ते नाव लिहून देऊ नका.

गावाचं नाव टाइप करण्याची रीत

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आपल्या भागातली निम्मी शोधाशोध इथेच अडते.

'बेळगाव' असं टाइप केलं की आजच्या बातम्या मिळतात. जुनी पुस्तकं हवी असतील तर 'बेळगांव' असं, 'गा'वर अनुस्वार देऊन टाका. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या छपाईत 'नाहीं', 'कां', 'करितां' असे अनुस्वार सर्रास आहेत, आणि संगणकाला 'बेळगाव' आणि 'बेळगांव' हे दोन वेगळे शब्द वाटतात. इंग्रजीत शोधताना 'बेलगाम' हे जुनं स्पेलिंग आणि 'बेळगावी' हे नवं स्पेलिंग अशी दोन्ही घ्या. शहराचं नाव सरकारी कागदोपत्री १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे त्याआधीचे जवळजवळ सगळे इंग्रजी अहवाल, नकाशे आणि प्रबंध जुन्या स्पेलिंगखाली आहेत. कन्नड साठ्यात शोधायचं असेल तर कन्नड लिपीतच टाइप करावं लागतं. त्यासाठी फोनच्या कीबोर्डमध्ये मराठीबरोबर कन्नडही चालू करून ठेवा. कन्नड टाइप करायला हात बसला नसेल तर 'अक्षरमुख' हे संकेतस्थळ वापरा. देवनागरीत लिहिलेलं नाव ते कन्नड लिपीत करून देतं आणि कन्नड लिपीतलं देवनागरीत.

एकाच नावाची अनेक गावं असतात, हेही विसरू नका. नुसतं 'खानापूर' शोधलं की सांगली जिल्ह्यातलं खानापूर पुढे येतं. 'शहापूर' म्हटलं की ठाणे जिल्ह्यातलं येतं, नाहीतर यादगिरी जिल्ह्यातलं. गावाच्या नावाला नेहमी 'बेळगाव' जोडा, शिवाय शेजारचं एखादं ठळक ठिकाण जोडा. खानापूरबरोबर नंदगड, हलशी किंवा जांबोटी लिहिलं की गाळ निघून जातो.

वहीच्या मागच्या पानांवर आपल्या तालुक्यातल्या गावांचा तक्ता करा: आजचं मराठी नाव, जुनी मराठी लेखनपद्धत, कन्नड नाव, इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं. येळ्ळूर, उचगाव, कडोली, बेळगुंदी अशा वीस-पंचवीस गावांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झालं. विकत घेतलेलं कुठलंही ॲप हा तक्ता तुम्हाला देणार नाही.

जुनं पुस्तक, जुना संदर्भ

जुन्या मराठी पुस्तकांसाठी पहिला थांबा 'इंटरनेट अर्काइव्ह'. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो मराठी पुस्तकं तिथे आहेत. फक्त त्यांची नावं बहुधा रोमन अक्षरांत आणि तीही चमत्कारिक पद्धतीनं नोंदलेली आहेत. दीर्घ आकारासाठी दोनदा 'ए', ट आणि ठ साठी मध्येच एखादं एकेरी अवतरणचिन्ह, असा प्रकार आहे. 'ज्ञ' असलेलं नाव तर 'डी-एन', 'जे-एन' आणि 'जी-वाय' अशा तिन्ही तऱ्हांनी शोधावं लागतं. एका स्पेलिंगनं नाही मिळालं म्हणून पुस्तकच नाही, असा निष्कर्ष काढू नका. लेखकाच्या आडनावावरून शोधा, भाषेच्या गाळणीत मराठी निवडा, मग प्रकाशनाच्या सालानं अलीकडे-पलीकडे सरका.

गावाच्या इतिहासाचा प्रश्न आला की मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड उघडायचा. हा बेळगाव जिल्ह्याचा खंड १८८४ मध्ये छापला गेला आणि अर्काइव्हवर पूर्ण वाचता येतो. तो इंग्रजीत आहे. शेवटच्या प्रकरणात जिल्ह्यातल्या ठिकाणांची अक्षरक्रमानं माहिती आहे, वाचकाला थेट तिथेच न्या. हलशीसारख्या गावाबद्दल, म्हणजे कदंबांच्या जुन्या पलाशिकेबद्दल, तिथे बरंच मिळतं. लहान गावाला दोनच ओळी मिळतील, तरी त्या काळी ते गाव कसं होतं हे कळतं. मात्र वाचकाला एवढं जरूर सांगा की हे इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिलेलं आहे. जातीपातींबद्दल आणि लोकांच्या स्वभावाबद्दलची त्यातली वाक्यं डोळे झाकून लेखात उतरवायची नाहीत.

शब्द अडला तर 'बृहद्कोश'वर एकाच वेळी अनेक मराठी कोशांत शोधता येतं. मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहातही आहेत. आपल्याकडच्या जुन्या कागदांतले महसुली शब्द मोल्सवर्थमध्ये हटकून सापडतात. कन्नड शब्दासाठी 'अलर' हा कन्नड-इंग्रजी कोश मोकळा उपलब्ध आहे आणि फोनवर छान चालतो. सर्वसाधारण माहितीसाठी मराठी विश्वकोश आहेच. प्रबंध लिहिणाऱ्याला 'शोधगंगा' दाखवा, तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत आणि मराठीतलेही भरपूर आहेत. आयआयटी खरगपूरच्या 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालया'वर एकदा खातं उघडून ठेवा. तिथला पसारा मोठा आहे, म्हणून शोधल्याबरोबर भाषेची गाळणी लावायची सवय करा.

स्कॅन केलेल्या पानातला मजकूर टाइप न करता हवा असेल तर ते पान गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. स्वच्छ छपाईचं मराठी बऱ्यापैकी उतरतं. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र मुळाशी ताडून बघावेच लागतात.

मोडीबद्दल वेगळं सांगतो, कारण विचारणारे बरेच येतात. आज्जा-पणज्याच्या पेटीतलं हस्तलिखित मोडी खरेदीखत फोनचा कॅमेरा धरून वाचता येईल, अशा भरवशाला वाचकाला लावू नका. अक्षरमुख टाइप केलेली मोडी बदलून देतं, हातानं लिहिलेली नाही. अशा कागदाचा उजेडात, सपाट ठेवून, चांगला फोटो काढून द्या आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे पाठवा. तुमच्या भागात मोडी वाचणारं कोण आहे, त्यांचा नंबर त्यांना विचारून वहीत टिपून ठेवा.

मुलांची पुस्तकं: दोन राज्यांची गल्लत

जूनमध्ये हा प्रश्न रोज येतो. पालक 'पाचवी गणित मराठी' असं शोधतात आणि बालभारतीचं पुस्तक डाउनलोड करतात. ते महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचं असतं. आपल्या भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांना कर्नाटकाचा अभ्यासक्रम लागू आहे, आणि त्याची मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. तिथे इयत्ता निवडून मग माध्यम 'मराठी' निवडायचं. डाउनलोड झालं की मुखपृष्ठावर राज्य आणि वर्ष दोन्ही बघा, मगच पालकांना पाठवा. बालभारतीचं पुस्तक जादा सरावाला जरूर वापरा, त्यातल्या मराठी कविता आणि धडे मुलांना आवडतात. परीक्षेचं पुस्तक ते नव्हे, एवढं मात्र स्पष्ट सांगा.

माझं सगळ्यात आवडतं साधन 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर मुलांच्या चित्रगोष्टी मोफत आहेत, आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही. आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावंच लागतं आणि ते पुष्कळदा धाकानं शिकलं जातं. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून शेजारी शेजारी ठेवा. पान तेच, चित्र तेच, मराठीत वाचलेलं वाक्य कन्नडमध्ये कसं आलंय हे मूल स्वतः बोट ठेवून शोधतं. मराठी वाचनालयानं कन्नड गोष्टी कशाला ठेवायच्या, असं कुणी विचारेल. मुलाची मराठी पक्की ठेवायची असेल तर कन्नडची भीती आधी जायला हवी, हे माझं ठाम मत आहे. या गोष्टी मोकळ्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे छापायला हरकत नाही. लेखक आणि चित्रकाराच्या नावाचं पान मात्र छापताना गाळू नका.

मोठ्या मुलांसाठी कर्नाटक सरकारचं डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय आहे. मोबाइल नंबरावर सभासद होता येतं. कन्नड आणि इंग्रजी साहित्य, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं यासाठी ते उपयोगी पडतं. मराठीसाठी त्यावर विसंबू नका. तुमच्या ग्रामपंचायतीचं 'अरिवु केंद्र' जवळ असेल तर तिथल्या ग्रंथपालांशी ओळख वाढवा, कन्नड साधनांची माहिती त्यांच्याकडून पटकन मिळते.

कन्नड कागद समोर आला तर

नोटीस, अर्जाचा नमुना, बसचा फलक अशा मजकुरासाठी गुगल लेन्सनं फोटो काढून मराठी भाषांतर बघता येतं. भारत सरकारच्या 'भाषिणी'वरही कन्नड-मराठी भाषांतर आहे. साधारण आशय कळायला दोन्ही पुरेत. पण ज्या कागदावर नावं आहेत तिथे सावध राहा. भाषांतर करणारं साधन आडनावाचासुद्धा अर्थ लावू शकतं. कन्नडमधलं 'बडिगेर' मराठीत 'सुतार' होऊन येऊ शकतं, आणि दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत! म्हणून नावांसाठी भाषांतर नको, लिप्यंतर हवं. तो शब्द तेवढा अक्षरमुखात टाकून देवनागरीत वाचा.

पहाणी, म्हणजे आरटीसी, कर्नाटकाच्या 'भूमी' पोर्टलवर बघता येते. जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातल्या गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, मग 'सर्नोक' आणि हिस्सा, या क्रमानं निवडायचं असतं. लोक होबळीपाशी अडतात, कारण आपण रोजच्या बोलण्यात होबळी वापरत नाही. तालुक्यातल्या होबळ्या आणि त्यांतली गावं वहीतल्या गावांच्या तक्त्यात एका रकान्यात लिहून ठेवा. 'सर्नोक'मध्ये बहुतेक वेळा नुसती तारका असते, ती निवडून पुढे जायचं. शेतात उभं राहून सर्व्हे नंबर बघायचा असेल तर 'दिशांक' ॲप आहे. इथे आपलं काम दाखवण्यापुरतं. नावात चूक आहे, हिस्सा चुकलाय, वारसा नोंद हवी, असं काही निघालं की वाचकाला नाडकचेरीत किंवा ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात पाठवा आणि जाणकार वकिलाला विचारायला सांगा. सल्ला देऊ नका.

सरकारी सेवेचं ॲप घेताना प्ले स्टोअरवर ते कुणी प्रसिद्ध केलंय ते वाचा. सरकारी नावासारखं नाव आणि तसंच चिन्ह लावलेली खासगी ॲप असतात, आणि ती फोनमधले संपर्क, फोटो, मेसेज सगळं मागतात. पहाणी बघायला संपर्कांची गरज नसते. वाचकाचा ओटीपी वाचकानंच टाकायचा. आपल्या फोनवर त्याचं खातं उघडलं असेल तर काम होताच बाहेर पडायचं आणि डाउनलोड झालेला कागद त्याच्यासमोर पुसायचा. आधारचा फोटो वाचनालयाच्या फोनमध्ये एक दिवससुद्धा राहता कामा नये.

आपलीच पुस्तकं फोनमध्ये

दाखल रजिस्टर संगणकावर आणायचं असेल तर 'ई-ग्रंथालय' आणि 'कोहा' ही दोन नावं ऐकायला मिळतील. पहिलं एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं आहे, दुसरं मुक्त सॉफ्टवेअर आहे. दोन्ही भक्कम आहेत, पण दोन-तीन हजार पुस्तकांच्या गावच्या वाचनालयानं आधी साध्या स्प्रेडशीटपासून सुरुवात करावी. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, साल, वर्गांक, कपाट हे रकाने पुरेत. सगळं युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये नको, नाहीतर पुढे शोधता येणार नाही. बारकोड स्कॅन करून माहिती आणणारी ॲप नव्या पुस्तकांना चालतात. आपल्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर आयएसबीएनच नसतो, ती हातानंच भरावी लागतात. ड्युई दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी साहित्य ८९१.४६ खाली आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ खाली येतं. कन्नड पुस्तकं थोडी असली तरी त्यांना वेगळा वर्गांक द्या, 'इतर'मध्ये ढकलू नका.

जांबोटी, कणकुंबीकडे नेटवर्क जाणं-येणं चालूच असतं. तिथे 'किविक्स' ॲपमध्ये मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवला की नेटशिवाय वाचता येतो.

आणि एक आग्रहाची विनंती. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचनालयाच्या नावानं पुढे पाठवू नका. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता मोकळं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांचं २०६० अखेरपर्यंत नाही. मोफत आणि कायदेशीर वाचायला देण्यासारखं पुष्कळ आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, विकिस्रोत आहे, ई-साहित्य प्रतिष्ठान आहे.

जे कुठेच सापडत नाही ते

वहीतल्या काही प्रश्नांना कुठलंच साधन उत्तर देणार नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी इथे ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, तरुण मंडळांची हस्तलिखितं, विझत चाललेल्या छापखान्यांची पत्रकं, हे सगळं घराघरांत पडून आहे आणि इंटरनेटवर जवळजवळ नाही. ते आपल्याशिवाय दुसरं कोण गोळा करणार?

सुरुवात एका स्मरणिकेनं करा. मंडळाची लेखी परवानगी घ्या. फोन स्टँडवर लावा, खिडकीचा उजेड डाव्या बाजूनं घ्या, पान सपाट करायला वर स्वच्छ काच ठेवा. काचेवर दिव्याची तिरीप येत असेल तर दिवा बंद करा. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत जाहिरातींसकट प्रत्येक पान घ्या. त्या जाहिरातींतच गावातली जुनी दुकानं, गिरण्या आणि डॉक्टर सापडतात. फाइलला 'स्कॅन १' असं नाव देऊ नका. गाव, संस्था, साल आणि अंकाचं नाव या क्रमानं नाव द्या, आणि वर्णनात तक्त्यातली त्या गावाची सगळी स्पेलिंगं घाला, कन्नड लिपीतलं नावही. एक प्रत वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर, एक मंडळाकडे, आणि परवानगी असेल तर एक अर्काइव्हवर. मूळ अंक ज्याच्या घरातून आणला त्याला त्याच आठवड्यात परत करा आणि रजिस्टरात त्याची सही घ्या.